स्वतःच्या माउंटन बाइकसाठी फ्रेम निवडताना

चाके, ब्रेक, क्रँक (पायडलचे दांडे), कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रे) असे एकेक सुटे भाग जमवायला मला आठ महिने लागले, आणि ते सगळे खोक्यांत नीट भरून ठेवल्यानंतरही सायकल उभी राहण्याचे चिन्ह दिसेना, कारण ज्या सांगाड्यावर हे सारे चढवायचे ती फ्रेमच माझ्याच्याने ठरत नव्हती. क्रम उलटा झाला होता. फ्रेम ही पुढच्या प्रत्येक भागाचे माप ठरवते, आणि मी मात्र आधी भाग घेऊन नंतर त्यांना शोभेल अशी फ्रेम शोधायला निघालो होतो. या चुकीची जाणीव मला पहिली फ्रेम परत करावी लागली तेव्हा झाली.

ती फ्रेम वापरलेली होती, अ‍ॅल्युमिनियमची होती आणि वजनाला हलकी होती. तिचा रंग शाबूत होता, नळ्यांना कुठे पोचा नव्हता, आणि विकणाऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रांत काही वावगे दिसत नव्हते. ती हाती आल्यावर मी मागच्या ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे चाकाचा एक्सल (आस) बसतो त्या खाचांमध्ये, व्हर्नियर कॅलिपर धरला, तेव्हा अंतर १४२ मि.मी. भरले. माझे मागचे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १४८ मि.मी.चे होते, ज्याला बूस्ट म्हणतात. सहा मि.मी.चा हा फरक कानाला किरकोळ वाटतो. तथापि ज्या फ्रेममध्ये एक्सल आरपार जाऊन पलीकडच्या आट्यांत बसतो, तिथे ड्रॉपआउट फाकवून हब कोंबणे शक्य नसते. त्यातही उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेले अ‍ॅल्युमिनियम असे ओढूनताणून वाकवणे म्हणजे त्याला आतून इजा करणे होय. स्टीलच्या जुन्या, क्विक रिलीजच्या (चाक खटक्याने सुटणाऱ्या) फ्रेमबाबत जाणकार कारागीर हे काम न तापवता, सावकाशीने करतात, म्हणून ही युक्ती सगळीकडे चालते असा समज पसरला आहे. माझाही तोच होता.

मापाची चूक माझी होती, आणि तेवढ्यावरून फ्रेम परत करणे मला योग्य वाटत नव्हते. म्हणून ती पुढे दुसऱ्या कुणाला देता यावी यासाठी मी ती स्पिरिटने पुसायला घेतली, आणि डावा चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँकचा आस फिरतो त्या, नळकांड्याला जिथे जोडलेला होता तिथे, केबल धरणाऱ्या पट्टीच्या आडोशाला, केसासारखी एक रेष दिसली. रंगावरचा ओरखडा असेल म्हणून मी विजेरीचा उजेड तिरपा पाडून पाहिले. नख त्या रेषेवर अडकत होते. पायडलवर जोर पडला की हाच भाग डावीकडे-उजवीकडे पिळला जातो, आणि वेल्डिंगच्या कडेला ताण एकवटतो, त्यामुळे भेग पडायची झाली तर ती बहुधा अशाच ठिकाणी पडते. विकणाऱ्याने वाद न घालता फ्रेम परत घेतली. तेव्हापासून वापरलेली फ्रेम पाहताना मी बॉटम ब्रॅकेटभोवतालचे जोड, हेडट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) खालचा डाउन ट्यूबचा (तिथून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या नळीचा) भाग आणि सीट ट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) तोंडाची चीर या तीन जागा आधी पाहतो, आणि बाकीचे नंतर.

त्या भेगेने माझे लक्ष धातूकडे वळवले, आणि पुढचे काही आठवडे मी केवळ धातूंचाच अभ्यास करत राहिलो. स्टीलची घनता सुमारे ७.८५, टायटॅनियमची ४.५ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. ताण दिल्यावर दाद न देण्याचा गुण, म्हणजे लवचीकतेचा गुणांक, स्टीलचा सुमारे २००, टायटॅनियमचा १०५ च्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियमचा ७० गिगापास्कल असतो. या दोन आकड्यांचा भागाकार तिन्ही धातूंसाठी जवळजवळ सारखाच येतो, हे मला कागदावर मांडेपर्यंत कधी लक्षात आले नव्हते. म्हणजे अमुक धातू मूळचाच ताठ आणि अमुक मूळचाच मऊ, या बोलण्याला फारसा आधार उरत नाही. फ्रेमचा ताठपणा ठरतो तो नळीच्या जाडीवरून आणि त्याहूनही अधिक तिच्या व्यासावरून, कारण भिंतीची जाडी तीच ठेवली तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या फुगीर आणि स्टीलच्या सडपातळ का दिसतात, याचे उत्तर इथेच मिळते.

स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यातला खरा फरक मला थकव्यात दिसला. वारंवार पडणारा ताण एका ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर स्टील तो जवळजवळ अमर्याद वेळा सोसते; अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, लहान ताणाचीही नोंद त्यात साठत जाते. याचा अर्थ अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वाईट असा मुळीच नाही. चांगला निर्माता जास्त धातू वापरून तो ताण इतका खाली आणतो की फ्रेम वर्षानुवर्षे टिकते. फक्त तिचे आधीचे आयुष्य ठाऊक नसेल तर मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही, हा माझा निर्णय त्या भेगेतून आला. कार्बनचा विचार मी थोडा वेळ केला आणि सोडला. माझ्या वाटांवर सुटे दगड उडून डाउन ट्यूबवर आदळतात, आणि कार्बनच्या थरांत आत झालेली इजा बाहेरून पाहून मला ओळखता येणार नाही.

स्टीलबद्दल मात्र एक गोड समज मला सोडावा लागला. स्टीलची फ्रेम धक्के गिळते असे मी कित्येकदा ऐकले होते आणि मानलेही होते. पण दोन त्रिकोणांची बांधणी उभ्या दिशेने इतकी पक्की असते की ती फारतर एखाद-दोन मिलिमीटर दबत असेल, आणि तिच्या खालचा २.४ इंची टायर त्याच धक्क्याला त्याच्या कितीतरी पट दबतो. टायरमधली हवा थोडी कमी केल्याने जो फरक पडतो, तो धातू बदलून पडणार नाही. मी शेवटी स्टील निवडले, पण आरामाच्या आशेने नव्हे. त्याला पोचा पडला तरी तो दिसतो, भेग पडली तर ती सहसा हळूहळू वाढते, आणि साधा वेल्डर नव्हे तरी फ्रेमचा कारागीर ती सांधू शकतो, म्हणून. सायकलींचे कारागीर जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत डोंगरउतारांसाठी मुद्दाम बनवलेली फ्रेम क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या) स्टीलचीच होती, हे वाचल्यावर मला जरा बरे वाटले, एवढे कबूल करतो.

इथवर येऊनही मी मुख्य गोष्टीला हात घातला नव्हता. चार निर्मात्यांच्या स्टीलच्या फ्रेम समोर होत्या, प्रत्येकीसोबत वीसेक आकड्यांचा तक्ता होता, आणि त्यातला कोणता आकडा माझ्या पाठीला, हाताला आणि पायाला काय करणार आहे हे मला सांगता येत नव्हते. तेव्हा मी एक साधे काम केले, जे सर्वांत आधी करायला हवे होते: ज्या जुन्या सायकलवर मी सहा वर्षे चाललो होतो तिचीच मापे घेतली. सायकल भिंतीलगत सरळ उभी केली, हेडट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापासून ओळंबा सोडला, आणि बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून त्या दोऱ्यापर्यंतचे आडवे अंतर मोजले. हाच रीच. केंद्रापासून हेडट्यूबच्या तोंडापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. माझ्या जुन्या सायकलचा रीच ४०५ मि.मी. आणि स्टॅक ५८० मि.मी. भरला, हेडट्यूबचा कोन साडेसत्तर अंश, सीट ट्यूबचा ७३ अंश, आणि हँडल धरणारा स्टेम ९० मि.मी.चा होता.

मग मी खोलीची फरशी मोकळी केली आणि तिच्यावर खडूने ही सायकल पूर्ण मापात काढली. तिच्यावरच, दुसऱ्या रंगाच्या खडूने, माझ्या यादीतली पहिली नवी फ्रेम काढली: रीच ४५०, स्टॅक ६३०, हेडट्यूब ६६ अंश, सीट ट्यूब साडेपंचाहत्तर अंश, चेनस्टे ४३० मि.मी., बॉटम ब्रॅकेट चाकांच्या अक्षांच्या रेषेपासून ६० मि.मी. खाली. दोन्ही चित्रे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रावर जुळवली, कारण उभे राहून सायकल चालवताना शरीराचा सारा भार त्या बिंदूवर असतो. जे तक्ते वाचून मला महिनाभर उमगले नव्हते, ते त्या दोन रंगांच्या रेषांनी एका संध्याकाळी दाखवून दिले.

रीच ४५ मि.मी.ने वाढला म्हणजे सायकल मला लांब पडेल, ही माझी भीती होती. पण नव्या सायकलला स्टेम ४५ मि.मी.चाच लागणार होता. जुन्या सायकलचे ४०५ आणि ९० मिळून ४९५ होतात. नव्या सायकलचे ४५० आणि ४५ मिळूनही ४९५ होतात. उभ्याने चालवताना पायडल आणि हँडल यांच्यातले आडवे अंतर जिथल्या तिथे राहत होते. पुढे सरकत होते ते फक्त पुढचे चाक. बसून चालवताना तर अंतर कमी होत होते. सीट ट्यूब उभी झाल्याने माझ्या ७० सें.मी. उंचीच्या सीटची जागा सुमारे ३० मि.मी. पुढे येत होती, त्यामुळे प्रभावी टॉप ट्यूब (हेडट्यूबच्या तोंडापासून सीट ट्यूबच्या रेषेपर्यंतचे आडवे अंतर) ५८२ वरून ६१३ मि.मी. झाली तरी आखूड स्टेम धरून सीट ते हँडल हे अंतर १४ मि.मी.ने घटत होते. नुसता रीच पाहून फ्रेमचा आकार निवडणारा माणूस कसा फसतो, हे मला तिथे गुडघ्यावर बसून खडूची धूळ पुसताना कळले. उभ्या सीट ट्यूबचा तोटाही त्याच चित्रात दिसत होता: सपाट रस्त्यावर लांब अंतर चालवताना हातांवर जास्त भार येणार. माझी बहुतेक वाट चढाची किंवा उताराची असल्याने मी तो पत्करला.

हेडट्यूबच्या कोनावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. कोन जितका आडवा, तितके पुढचे चाक शरीरापासून दूर, आणि तितका ट्रेल मोठा. स्टिअरिंगचा अक्ष लांबवला तर तो जमिनीला जिथे भेटतो, तिथपासून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. चाकाला सरळ ठेवण्याची ओढ त्यातूनच येते. मी हिशेब केला तेव्हा जुन्या २६ इंची चाकाचा ट्रेल सुमारे ७७ मि.मी. आला आणि नव्या २९ इंची चाकाचा, ४४ मि.मी. ऑफसेटचा, म्हणजे चाकाचा आस स्टिअरिंगच्या अक्षापुढे तेवढा ठेवणारा, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) धरून, ११७ मि.मी. आला. वेगात, दगडांवरून खाली येताना जुनी सायकल हातातून निसटू पाहायची ती का, याचे उत्तर या दोन आकड्यांत होते. उलट बाजूने, चढावर अगदी मंद गतीने जाताना आडव्या कोनाचे चाक एका बाजूला कलंडू पाहते, आणि त्याला आवरायला वजन पुढे असावे लागते. उभी सीट ट्यूब इथे उपयोगी पडते. हे दोन कोन एकमेकांची भरपाई करत असतात, म्हणून त्यांतला एकच बघून फ्रेमला चांगले-वाईट म्हणू नये असे माझे मत झाले.

मागे सस्पेन्शन नसलेल्या फ्रेमबाबत आणखी एक गोष्ट तक्त्यात छापलेली नसते. तक्त्यातले कोन सायकलवर कुणी बसलेले नसतानाचे असतात. मी बसलो की १३० मि.मी.चा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, फोर्क सुमारे ३० मि.मी. दबतो, मागची बाजू दबत नाही, आणि फोर्क दर १० मि.मी. दबला की हेडट्यूब साधारण अर्ध्या अंशाने उभी होते. म्हणजे कागदावरचे ६६ अंश प्रत्यक्षात साडेसदुसष्टच्या जवळ जातात. एखाद्या दगडी पायरीवरून उतरताना फोर्क पूर्ण दाबला गेला तर कोन जवळजवळ सहा अंशांनी बदलतो, आणि तोही नेमका स्थिरतेची सर्वाधिक गरज असते तेव्हा. म्हणून १५० मि.मी.चा फोर्क घेणारी एक देखणी फ्रेम मी यादीतून काढून टाकली. तसेच १३० साठी आखलेल्या फ्रेमला निर्मात्याने १४० पर्यंतच परवानगी दिली असेल तर त्यापुढे जायचे नाही हेही ठरवले, कारण लांब फोर्क हेडट्यूबच्या जोडावर तरफेसारखा जोर टाकतो.

मागेही सस्पेन्शन असलेली फ्रेम घ्यावी का, हा प्रश्न मी एका मित्राची सायकल दोन दिवस चालवून सोडवला. चाकाची १३० मि.मी. हालचाल आणि ५० मि.मी. स्ट्रोकचा (तेवढा दबणारा) शॉक, म्हणजे सरासरी २.६ ची तरफ. मागचे चाक दगडांवर चिकटून राहत होते आणि ब्रेक लावताना मला कमालीचा विश्वास वाटत होता. तो अनुभव उत्तम होता, यात शंका नाही. पण त्या सांध्यांची बेअरिंगे, शॉकच्या सील आणि प्रत्येक बोल्टचा ठरलेला टॉर्क हे सर्व नियमाने पाहण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता, आणि देखभाल न झालेली अशी फ्रेम साध्या फ्रेमपेक्षा वाईट चालते.

आकाराचा पेच शेवटपर्यंत राहिला. माझी उंची १७२ सें.मी. आहे, आणि निर्मात्याच्या तक्त्यात मी मध्यम व मोठा या दोन्ही आकारांच्या सीमेवर येत होतो. मोठ्या आकारात रीच ४७५ होता आणि उतारावर तो मला आवडलाही असता. निकाल सीट ट्यूबच्या लांबीने लावला. मध्यम आकाराची सीट ट्यूब ४२० मि.मी. आणि मोठ्याची ४६० मि.मी. होती. ७०० मि.मी. उंचीच्या सीटमधून ही लांबी आणि सीटची स्वतःची सुमारे ५० मि.मी. जाडी वजा केली, तर ड्रॉपर सीटपोस्टसाठी, म्हणजे सीट चालवतानाच खाली-वर करणाऱ्या दांड्यासाठी, मध्यम आकारात २३० मि.मी. आणि मोठ्यात १९० मि.मी. जागा उरते. १५० मि.मी. खाली जाणारी माझी सीटपोस्ट तिच्या डोक्यासह आणि कॉलरसह सुमारे २०० मि.मी. जागा घेते. मोठ्या आकारात ती माझ्या पायांना उंच झाली असती. सीटपोस्ट नळीत किती खोल जाते हेही विचारावे लागते, कारण बाटलीच्या स्टँडचे बोल्ट किंवा नळीचा बाक तिला मध्येच अडवतो. मी निर्मात्याला पत्र पाठवून तो आकडा मागवला आणि तो मिळेपर्यंत थांबलो.

उरलेल्या मापांची खातरजमा मात्र पहिल्या अनुभवामुळे भराभर झाली. मागे १४८ मि.मी., बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, ७३ मि.मी. रुंदीचा, कारण दाबून बसवलेल्या बेअरिंगांची करकर मी एकदा ऐकली होती. हेडट्यूब ४४ मि.मी. आतील व्यासाची, जिच्यात खालचा कप बाहेर ठेवून फोर्कचा निमुळता स्टिअरर (वरचा दांडा) बसतो. मागच्या डिरेलरसाठी (गिअर बदलणाऱ्या भागासाठी) २०१९ मध्ये आलेला यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) हा जोडतुकडा, जो वाकला तर सहज मिळतो. २९ बाय २.४ टायर बसल्यावर चेनस्टेजवळ दोन्ही बाजूंना निदान ६ मि.मी. मोकळे राहावेत, ही माझी अट होती, नाहीतर चिखल आणि खडे रंग खरवडून काढतात. वापराच्या वर्गातही मी सैल राहिलो नाही: एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या तिसऱ्या वर्गात उडी किंवा पायरी ६१ सें.मी.पर्यंत धरलेली असते आणि चौथ्यात १२२ सें.मी.पर्यंत, आणि माझ्या वाटेवर दोन फुटांच्या पायऱ्या असल्याने मी चौथ्या वर्गाचीच फ्रेम घेतली.

फ्रेम आली तेव्हा तिचे वजन २.४५ किलो भरले. काही जोडण्याआधी मी एका ड्रॉपआउटला दोरा बांधून तो हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणला आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी होता. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत रंगाचे कण होते, ते काढून ग्रीस लावले, आणि साखळीकडच्या बाजूचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवून कप आधी हातानेच फिरवला. तीन फेरे सहज गेले तेव्हाच पाना लावला. नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारून फ्रेम रात्रभर आलटून पालटून ठेवली, जेणेकरून ते प्रत्येक जोडापर्यंत उतरावे.

बांधून झाल्यावर मी बॉटम ब्रॅकेटची जमिनीपासूनची उंची मोजली. हिशेबाप्रमाणे ती ३११ मि.मी. यायला हवी होती आणि ३०९ आली. मी बसल्यावर, फोर्क दबल्यामुळे, ती ३०० च्या खाली जात होती. खडूच्या चित्रात हा आकडा मी पाहिला होता, पण त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. पहिल्या महिन्यात दगडांच्या पट्ट्यातून पायडल मारत जाताना क्रँक चार-पाच वेळा खाली आपटले, आणि एकदा पायडलची कडा दगडात अडकून सायकल जागीच थांबली. फ्रेम बदलण्याचे काही कारण नव्हते, कारण हाच खालचा बॉटम ब्रॅकेट वळणावर तिला इतकी शांत ठेवतो. मी १७५ मि.मी.चे क्रँक काढून १६५ चे बसवले, सीट १० मि.मी.ने वर घेतली, आणि सीटपोस्टच्या कॉलरजवळ नव्या उंचीची खूण केली.